'कोर्ट'वरचा तुझा निबंध वाचला, आता थोडं बोलू

पोरी,

चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट' या सिनेमावरचा तुझा निबंध काल रात्री नीट बसून वाचला. मेहनत दिसते त्यात, आणि सिनेमा तुला मनापासून आवडतो हेही दिसतं, म्हणूनच जरा सविस्तर लिहिते, वाईट वाटून घेऊ नको. पानापानावर व्यवस्थेची निष्ठुरता आहे, न्यायाची थट्टा आहे, माणसाचं एकटेपण आहे, पण पडद्यावर नेमकं काय दिसतंय ते कुठेच नाही. कॅमेरा कुठे ठेवलाय, माणसं फ्रेममध्ये किती मोठी दिसतात, शॉट किती वेळ चालतो, मागच्या बाकावर कोण बसलंय, काहीच नाही. तू एकदम अर्थावर उडी मारलीस. आता तू लिहिलेलं चूक आहे असं नाही गं, पण ते तर सिनेमा न बघता नुसतं त्याच्याबद्दल वाचलेला माणूसपण लिहू शकतो. तू बघितलायस ना, मग बघितलेलं लिही.

मला तुला एकच गोष्ट पटवायची आहे. दिग्दर्शकाने काय निवडलं हे तोपर्यंत कळतच नाही, जोपर्यंत त्याने काय काय सोडलं हे तू स्वतः मांडून बघत नाहीस.

सुरुवातीचं अटकेचं दृश्य घे. ज्याच्यावर पुढे खटला चालतो तो शाहीर, नारायण कांबळे, स्टेजवर गातोय, समोर लोक बसलेत, पोलीस येतात. कॅमेरा लांब उभा आहे, कुणाच्या चेहऱ्यावर धावत जात नाही. वहीच्या डाव्या पानावर हे जे दिसतं ते लिही, आणि उजव्या पानावर लिहून काढ की हेच दृश्य दुसऱ्या कुणी कसं घेतलं असतं. आधी पोलिसांचे बूट, मग गाणाऱ्याच्या कपाळावरचा घाम, मग गर्दीतल्या एका लहान पोराचे डोळे, खाली म्युझिक वाढत चाललेलं, आणि हात पकडला की सगळं एकदम शांत. हे दृश्य आपल्याला पाठ आहे, आपण सगळे ते झोपेतही एडिट करू शकतो. मग चैतन्य ताम्हाणेने हे सगळं हाताशी असून काहून घेतलं नाही? मला वाटतं, जवळून दाखवलं असतं तर आपण लगेच कांबळेच्या बाजूचे झालो असतो, आपल्याला राग आला असता, आणि राग आला की आपण आपलं काम केलं असं वाटून मोकळे झालो असतो. लांबून बघताना आपण त्या बसलेल्या लोकांतलेच एक होतो, समोर घडतंय आणि आपण बघतोय. हे माझं मत आहे, तुझं वेगळं निघालं तर मला आनंदच होईल, फक्त ते कॅमेऱ्याच्या जागेवरून निघालेलं पाहिजे.

आणि कांबळे झालेले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, हे तुझ्या निबंधात एका ओळीतही नाही याचं मला आश्चर्य वाटलं. 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक, आंबेडकरी चळवळीत आयुष्य घातलेला माणूस, २०२१च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. दिग्दर्शकाने असा माणूस घेतला, म्हणजे चळवळीचा आवाज ज्याच्या गळ्यात आधीपासून आहे असा माणूस, आणि तरी सिनेमा त्याच्याच मागे फिरत नाही! कॅमेरा बचावाच्या वकिलासोबत सुपरमार्केटमध्ये जातो, सरकारी वकील बाईसोबत लोकलने घरी जातो, स्वयंपाक करताना तिला बघतो, शेवटी जजसोबत सुट्टीवर जातो. एक काम कर, घड्याळ लाव आणि मोज, कांबळेसोबत किती मिनिटं, वकिलांसोबत किती, जजसोबत किती. ११६ मिनिटांचा सिनेमा आहे, एका संध्याकाळी होऊन जातं. जो आरोपी आहे, ज्याच्यामुळे हा खटला आहे, त्याच्या वाट्याला किती वेळ आला हा आकडा तुझ्या निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात टाक, मग बघ पुढचं लिखाण कसं आपोआप सरळ होतं.

आता तू एके ठिकाणी लिहिलंयस की लो अँगल, म्हणजे कॅमेरा खालून वर बघणारा, म्हणजे पॉवर, आणि हाय अँगल, वरून खाली बघणारा, म्हणजे माणूस दुबळा. हे कुणी शिकवलं तुला? यूट्यूबवरच्या प्रत्येक व्हिडिओत हेच असतं, मला माहितेय, आणि परीक्षेत मार्कही मिळतात, पण हे सूत्र फार लवकर तुटतं. जपानी दिग्दर्शक ओझूचा १९५३चा 'टोकियो स्टोरी' बघ. कॅमेरा सारखा खालीच, चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीच्या आसपास, आणि लेन्स बहुतेक ५० एमएमचीच, म्हणजे फार रुंद नाही की फार जवळ ओढणारी नाही अशी. सूत्राप्रमाणे त्या सिनेमातले सगळे म्हातारे राजे-महाराजे वाटायला पाहिजेत. तसं काही वाटतं का? उलट आपणही त्यांच्या घरात जमिनीवर बसलोय असं वाटतं. तुझ्या आजीकडे अजून खाली बसून जेवतात ना, तिथे फोन जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवून पंगत शूट कर आणि मग उभं राहून तीच पंगत वरून शूट कर, दोन्ही क्लिप एकामागोमाग बघ. अँगलचा अर्थ पुस्तकात नसतो, त्या घरात कोण कसं बसतं, कोण वाढतं, कोण उभं राहतं यावर ठरतो.

वेळेचंही तसंच. कुठलेही तीन मिनिटं निवड, पॉज करत करत शॉट मोज, सेकंद भागिले शॉट. तीन मिनिटांत चार शॉट असतील तर सरासरी ४५ सेकंद, साठ असतील तर तीन सेकंद. नुसता आकडा लिहून थांबू नको मात्र, मोठा शॉट असला की लगेच 'संथ, चिंतनशील' लिहायची सवय सोड. 'कोर्ट'मध्ये शेवटाकडे कोर्टरूम रिकामी होते, लाईट बंद होतात आणि अंधार पडद्यावर राहतो, राहतच जातो. थिएटरमध्ये लोक उठायला लागतात, सिनेमा संपला म्हणून. आणि मग पुढचं दृश्य सुरू होतं, सुट्टीवर गेलेले जजसाहेब. तो अंधार पाच सेकंदांनी छोटा असता तर तो नुसता एक कट झाला असता. इतका लांबवला म्हणून आपल्याला खरंच वाटतं की संपलं, आणि आपल्याला असं वाटून गेल्यावरच दिग्दर्शक जजला सुट्टीवर दाखवतो. हे तू लिहायला पाहिजे होतंस, तुझ्या डोळ्यासमोर होतं हे.

उजेडाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, आणि नागपूरच्या पोरीने उजेडाबद्दल काही लिहू नये म्हणजे कमाल झाली बाप्पा. आपल्याकडे नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, लागतो तेव्हा दुपारी बाराच्या जरा पुढे सूर्य जवळजवळ बरोब्बर डोक्यावर येतो, २६ मेच्या आसपास तर उभ्या काठीची सावलीच गायब होते. त्या वेळी सीताबर्डीवर कुणाच्याही चेहऱ्याकडे बघ, डोळ्यांच्या खोबणीत काळं, नाकाखाली काळं, कपाळ पांढरं फटक. संध्याकाळी फुटाळा तलावावर तोच चेहरा वेगळाच माणूस वाटतो. मग सिनेमात एखादं दृश्य भरदुपारी घेतलं असेल तर दोन शक्यता असतात, दिग्दर्शकाला तो कठोरपणा पाहिजे होता, किंवा लोकेशन तेवढ्याच वेळेसाठी मिळालं होतं, आणि बरेचदा दोन्ही खरं असतं. या दुसऱ्या शक्यतेची लाज बाळगू नको. पैसा, ऊन, परवानगी, कलाकाराची तारीख, यातूनच निवड होते, आणि अडचणीतून निघालेली निवडपण निवडच असते. सत्यजित रायच्या 'अपराजितो'साठी (१९५६) बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधलं होतं. खऱ्या अंगणात वरून आकाशाचा मऊ उजेड येतो, कडक सावल्या पडत नाहीत, आणि स्टुडिओचे लाईट तर कडक सावल्या पाडतात. रायचा कॅमेरामन सुब्रत मित्राने वर पांढरं कापड ताणलं आणि लाईट त्यावर मारून खाली परतवला. हे वाचून झालं की आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकात जाऊन उभी राहा, दुपारी, आणि स्वतःच्या हाताची सावली बघ. मग परत तो सिनेमा लाव. दिसेल तुला.

आवाजाबद्दल थोडक्यात. निवडलेलं दृश्य एकदा म्यूट करून बघ, एकदा डोळे मिटून नुसतं ऐक. रायच्याच 'पथेर पांचाली'त मुलगी गेल्याचं बापाला कळतं त्या वेळी आईचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही, त्याजागी तारशहनाई हे वाद्य वाजतं. म्यूट केल्याशिवाय हे किती मोठं पाऊल आहे ते लक्षात येत नाही.

पुढचा निबंध नागराज मंजुळेच्या 'झुंड'वर लिहायचा म्हणतेस, लिही, मला फार आवडेल. पण एक धोका आधीच सांगते. आपल्या गावात शूट झालेला सिनेमा बघताना आपण सिनेमा बघतच नाही, अरे हा तर तो रस्ता, अरे हे तर आपल्याकडचं ग्राउंड, असं करत करत अडीच-तीन तास निघून जातात. पहिल्यांदा बघताना होऊ दे तसं, मजा घे. दुसऱ्यांदा मात्र याच ओळखीचा उपयोग करून घे, कारण तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या समीक्षकाकडे नाही, फ्रेमच्या बाहेर काय आहे ते तुला माहितेय. कॅमेरा जरासा डावीकडे वळला असता तर काय दिसलं असतं, ते तू सांगू शकतेस. झोपडपट्टी आणि कॉलेज यांच्यामधली ती भिंत बघ, नागराज मंजुळे तिच्याकडे किती वेळा परत येतो, कधी कुठल्या बाजूने दाखवतो, आणि शेवटी विमान आणि ती भिंत एकाच फ्रेममध्ये कशी येतात. विमान वेगळं आणि भिंत वेगळी, असे दोन शॉट घेता आले असते. एकत्र घेतले. तुझा अख्खा निबंध या एका फ्रेमवर होऊ शकतो, विषय मोठा करू नको.

आणि लिहायच्या आधी हातानेही थोडं कर. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्हने एका नटाचा तोच तो निर्विकार चेहरा घेऊन त्याला वेगवेगळ्या शॉटला जोडलं, सूपची वाटी, शवपेटी असं, आणि लोकांना प्रत्येक वेळी त्या चेहऱ्यात वेगळा भाव दिसला असं सांगतात. तू आजीचा चेहरा शूट कर, तिला काही सांगू नको, नुसतं खिडकीबाहेर बघू दे. मग तो एकदा तर्री पोह्यांच्या प्लेटला जोड, एकदा रिकाम्या खाटेला, एकदा अंगणात खेळणाऱ्या पोट्ट्याला. घरच्यांना दाखव आणि विचार आजीच्या मनात काय चाललंय. फोनवरच होतं सगळं, खर्च शून्य. हे एकदा केलंस की 'अभिनेत्रीने डोळ्यांतून वेदना व्यक्त केली' असं वाक्य लिहिताना तुझा हात थांबेल, कारण तुला कळेल की अर्धी वेदना एडिटिंग टेबलवर झालेली असते.

पुण्याला शिकायला जायचं म्हणशील तर फिल्म इन्स्टिट्यूटची परीक्षा जरूर दे, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात शिकायला मिळणं मोठीच गोष्ट आहे, आणि फिल्म अप्रिसिएशनचा छोटा कोर्सही चांगला असतो. पण तोपर्यंत वाट बघत बसू नको. वरचं सगळं नागपुरात, तुझ्या खोलीत बसून होतं.

आता हाच निबंध परत लिही, पण पूर्ण सिनेमावर नाही. शेवटचं जजचं दृश्य तेवढं घे, पोरं येऊन ओरडतात, तो एकाला चापट मारतो आणि परत डोळे मिटतो. सिनेमा तिथेच काहून संपवला, कोर्टातल्या अंधारावर का नाही संपवला, एवढाच प्रश्न. डाव्या पानावर जे दिसतं ते, उजव्या पानावर जे होऊ शकलं असतं ते, आणि अर्थ अगदी शेवटी, एक-दोन परिच्छेद बास. प्रत्येक शॉटसमोर मिनिट-सेकंद लिही म्हणजे मला इकडे शोधत बसावं लागणार नाही. घाई नाही, दिवाळीच्या आधी पाठवलंस तरी चालेल.

तुझी,
मावशी