क्रोमॅटिक मीडियंट : ‘रंगीत मध्यम’ म्हणावे का?

बडोद्यात गिटार शिकणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, पाश्चात्त्य संगीतातील ‘क्रोमॅटिक मीडियंट’ या संज्ञेसाठी मराठीत ‘रंगीत मध्यम’ हा शब्द चालेल का.

माझ्या मते चालणार नाही, आणि त्यातही ‘रंगीत’पेक्षा ‘मध्यम’ हा शब्द अधिक घोटाळ्याचा आहे. मीडियंट म्हणजे सप्तकातील तिसरा स्वर. आधारस्वर आणि पाचवा स्वर यांच्या मधोमध येतो म्हणून त्याला हे नाव पडले. आपल्याकडे तो गांधार होय. मध्यम हा आपला चौथा स्वर असल्याने ‘रंगीत मध्यम’ असे वाचून हिंदुस्थानी संगीताच्या भातखंडे पद्धतीत शिकलेला विद्यार्थी सरळ तीव्र मध्यमाची पट्टी दाबील.

मूळ कल्पना पेटीवर चटकन कळते. सा-ग-प या स्वरसंघातानंतर (एकत्र वाजवलेल्या स्वरांनंतर, म्हणजे ‘कॉर्ड’नंतर) ग-प-नी वाजवल्यास ग आणि प कायम राहतात, बिलावल थाटाबाहेरचा (म्हणजे शुद्ध स्वरांबाहेरचा) स्वर येत नाही आणि कानाला काही विशेष जाणवत नाही. आता पंचमाऐवजी कोमल धैवत घेऊन ग-ध॒-नी वाजवावे (अक्षराखालील रेघ कोमल स्वराची). सा-ग-प आणि हा नवा, या दोन्ही संघातांची जात (मेजर) एकच, आधारस्वरांत तिसऱ्या स्वराचे अंतर, परंतु सामाईक उरतो तो एकटा गांधार. त्यामुळे धागा न तुटता सगळा रंग पालटतो. ध॒-सा-ग॒ या संघाताकडे गेल्यास हेच काम षड्ज करतो. शूबर्ट आणि लिस्ट या पाश्चात्त्य संगीतकारांनी अशा चालींचा मनसोक्त वापर केला आहे.

ग्रीक ‘क्रोमा’ म्हणजे रंग हे खरे, पण थाटाबाहेरून येणाऱ्या कोमल-तीव्र स्वरांना आपल्याकडे ‘विकृत स्वर’ हा रुळलेला शब्द आहे. मात्र ‘विकृत गांधार’ म्हटले की कोमल गांधारच डोळ्यांपुढे येतो, आणि वरच्या पहिल्या उदाहरणात तर गांधार शुद्ध असून विकृत स्वर संघाताच्या पोटात आहे. म्हणून ‘षड्ज-गांधार भाव’ या परिचित प्रयोगाच्या धर्तीवर मी ‘विकृतस्वरी गांधार-संबंध’ असे सुचवीन. धैवतावरचे संघातही त्यात बसतात, कारण शुद्ध धैवतापासून तार षड्ज कोमल गांधाराइतक्या, तर कोमल धैवतापासून शुद्ध गांधाराइतक्या अंतरावर असतो. हा शब्द लेखनापुरता; तालमीत ‘क्रोमॅटिक मीडियंट’ म्हणण्यात काहीच गैर नाही.