१९६१ ला मॅट्रिक झालेल्या वडिलांनी वहीत आठवणी लिहिल्यात, त्यांचं पुस्तक काढायचंय. डीटीपीवाला शुद्धलेखन तपासून देतो म्हणतोय, मग वेगळा संपादक कशाला?

तुमच्या प्रश्नात दोन कामं एकात मिसळली आहेत. डीटीपीवाला, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून पानं लावणारा, करून देणार ते मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफ वाचणं. संपादन त्याच्या आधीचं, मजकूर टाइपिंगला जाण्याआधीचं. मी साताऱ्यातच असतो, वीसेक वर्षं लोकांची हस्तलिखितं वाचतोय, आणि त्यातली निम्मी माझ्याकडे येतात ती पानं लागून झाल्यावर. मग मधला एक परिच्छेद काढला की पुढची सगळी पानं सरकतात, अनुक्रमणिका चुकते आणि डीटीपीवाला फोन उचलेनासा होतो. त्याचं तरी काय चुकतं?

पाटणकडच्या एका निवृत्त गुरुजींच्या आठवणी माझ्याकडे होत्या. कोयनेच्या भूकंपाबद्दल त्यांनी लिहिलं होतं की, आम्ही पटांगणात प्रार्थनेला उभे होतो आणि पायाखालची जमीन हलली. या वाक्यात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही, प्रूफवाला तिथे थांबणारच नाही. पण तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे चार वाजून गेल्यावरचा. त्या वेळी कुठली प्रार्थना? मी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'पहाट होती ना?' गुरुजी आधी चिडले. मी तिथं होतो का तुम्ही, म्हणाले. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. शाळेतला तो नंतरचा धक्का. मोठ्या भूकंपाच्या पहाटे ते घरी होते, म्हातारीला पाठीवर घेऊन बाहेर पडले आणि उजाडेपर्यंत सुटलेली जनावरं गोळा करत फिरले. वहीत यातलं काहीच नव्हतं. ती दोन पानं त्यांनी नव्याने लिहिली, आणि पुस्तक वाचलेला माणूस आज पहिल्यांदा त्याच पानांबद्दल बोलतो.

संपादक लागतो तो यासाठी, प्रश्न विचारायला.

प्रत्येक प्रश्नातून एवढं घबाड हाती लागत नाही, हेही खरं. एकाने '१९५५ साली सांगली जिल्ह्यात बदली झाली' असं लिहिलं होतं. तेव्हा त्या जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं, सांगली हे नाव १९६० मध्ये पडलं. एक शब्द बदलला, काम झालं. बहात्तरच्या दुष्काळात लेखक एका पानावर चौथीत आणि दुसऱ्या पानावर लग्न झालेला, असंही सापडतं. म्हणून मी वाचताना शेजारी एक वही ठेवतो: साल, गाव, त्या वेळचं वय. नात्यातल्या माणसांची नावंही त्यातच, कारण तीन प्रकरणांनंतर आत्याचं नाव बदललेलं असतं.

आता भाषा. वडील १९६१ ला मॅट्रिक झाले म्हणता. म्हणजे वहीत 'नांव', 'पांच', 'कांही' असं असणार. त्या चुका नव्हेत. ते शिकले तेव्हा तसंच लिहायचे, हे अनुस्वार गाळायचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले. छापताना आजचे नियम लावा, पण त्यांना 'तुमचं चुकलंय' म्हणू नका. 'असे केले' की 'असं केलं' हे पहिल्या पानाआधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या टंकातून युनिकोडमध्ये आणलेला असेल तर रफार आणि 'दुसऱ्या'तला 'ऱ्य' डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास घाण होते. आणि कोणालाही संगणकावर एका फटक्यात सगळीकडे 'पुर'चं 'पूर' करू देऊ नका. कोल्हापूर सुधारतं, पण पुरणपोळीची पूरणपोळी होते आणि पुरुषाचा पूरुष.

यात माझी स्वतःची एक मोठी चूक आहे. कऱ्हाडकडच्या एका शेतकऱ्याच्या आठवणींत जागोजागी 'म्हणलं' होतं. आपल्याकडे सगळे तसंच बोलतात. मी इमाने इतबारे सगळीकडे 'म्हटलं' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं. लेखक काही बोलले नाहीत. त्यांच्या बायकोने चार पानं वाचली आणि म्हणाली, "ह्ये आमच्या मालकांचं बोलणंच न्हाई." दीडशे पानं पुन्हा मागे नेली, फुकट. तेव्हापासून बोलण्यातल्या शब्दांना मी विचारल्याशिवाय हात लावत नाही.

काय गाळायचं, ते घरच्यांना ठरवता येत नाही. निरोप समारंभातली भाषणं, सत्काराच्या याद्या, 'यांचेही मोलाचे सहकार्य लाभले' ही सगळी पानं घरात प्रिय असतात आणि बाहेर कोणी वाचत नाही. जमाखर्चही बघा. छपाई फर्म्यांत, म्हणजे ठरावीक पृष्ठांच्या गठ्ठ्यांत होते. डेमी आकाराचा फर्मा सोळा पृष्ठांचा, म्हणजे १६० पृष्ठांत दहा फर्मे नेमके बसतात. १६३ झाली की उरलेल्या तिनासाठी वेगळा पाव फर्मा छापावा लागतो. अशा वेळी भाषणं आपोआप गळतात.

संपादक शोधायचा तर मराठीचे एखादे निवृत्त शिक्षक किंवा नगरवाचनालयात रोज दिसणारा एखादा चोखंदळ वाचक चालेल, फक्त नात्यातला नको. दोघातिघांना वहीतली तीच दहा पानं द्या. एक जण पानं लाल करून परत देईल, दुसऱ्याच्या समासात पाच-सहा प्रश्न असतील. काम त्या दुसऱ्याला द्या, पैसे आधी ठरवून. दोनशे पानांना मला महिना-दीड महिना लागतो. 'आठ दिवसांत देतो' म्हणणारा फक्त वेलांट्या तपासणार. वेलांट्याही तपासायच्याच आहेत, पण पानं लागल्यावर, आणि ते काम तुमच्या डीटीपीवाल्याने खुशाल करावं. शेवटचं प्रूफ मात्र तुम्ही स्वतः कागदावर वाचा.

प्रश्नांची यादी आली की वडिलांना एका बैठकीत सगळी विचारू नका, ते कंटाळतील. रोज दोन प्रश्न, सकाळच्या चहाला, आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. मूळ वही घरातच राहू द्या, बाहेर जाईल ती झेरॉक्स.