आकडा यादृच्छिक, चाल स्वैर

गोव्यातल्या साखळी गावच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: "मुलांना स्क्रॅचमध्ये, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायच्या भाषेत, गेम करायला शिकवते. दिवाळी जवळ आली म्हणून कृष्ण आणि नरकासुर घेतले. नरकासुर नुसता सरळ चालायचा, मजा येईना, म्हणून त्याच्या चालीत रँडम आकडे घातले. तर तो जागच्या जागी थरथरू लागला आणि मुले ओरडली, 'बाई, नरकासुर पिसो जालो!' ते निस्तरेन, पण 'रँडम'ला मराठीत काय म्हणू? कोशात 'यादृच्छिक' आहे, तिथे मुलांची जीभ अडखळते. एक सहकारी 'स्वैर' सुचवतात, दुसरे 'यथेच्छ'."

बाई, 'यथेच्छ' आधी बाजूला काढू. श्रीखंड यथेच्छ हाणले म्हणतो तेव्हा हाणणाऱ्याची इच्छा शब्दातच असते: यथा अधिक इच्छा. 'यदृच्छा' कानाला त्याची सख्खी बहीण वाटते, पण तिच्यात 'इच्छा' नाहीच. फोड यद् अधिक ऋच्छा अशी आहे, आणि ऋच्छ् म्हणजे जाणे, गाठणे. जे येऊन गाठेल ते. गीतेतला 'यदृच्छालाभसंतुष्ट' माणूस हवे ते मिळाले म्हणून खूश नसतो. आपसूक पुढ्यात आले त्यात समाधानी असतो. संस्कृत कोशांत यदृच्छेचा 'स्वेच्छा' असाही अर्थ सापडतो, हे कबूल. गणिताने मात्र तो घेतला नाही. महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात संभाव्यतेच्या पाठात 'यादृच्छिक प्रयोग' येतो तो नाणे आणि फासा घेऊनच.

फोड कळली की लेखनही सुटते. 'याद्रुच्छिक' लिहिणारे पुष्कळ भेटतात. यद् मधला द् आणि ऋच्छा मधला ऋ मिळून तो 'दृ' झाला आहे. दृष्टीशी त्याचे नाते नाही. आणि समाजाचे सामाजिक होते तसे यदृच्छेचे यादृच्छिक.

आता 'स्वैर'. स्व अधिक ईर. नेहमीच्या संधीने 'स्वेर' व्हायला हवे होते, पण या शब्दासाठी कात्यायन या जुन्या वैयाकरणाने वेगळे वार्तिकच, म्हणजे पाणिनीच्या सूत्राला जोडलेला नियमच, दिला आहे. ईर् म्हणजे हलणे, चालणे. स्वैर तो, जो आपल्या मर्जीने चालतो. म्हणजे मर्जी आली, मन आले. फाशाला मन नसते, म्हणून फाशावरचा आकडा स्वैर म्हणता येणार नाही. नरकासुर मात्र स्वैर म्हणता येईल, किंबहुना तो तसा वाटावा म्हणूनच ही सगळी खटपट. तेव्हा माझे उत्तर: आकडा यादृच्छिक, चाल स्वैर. दोन्ही शब्द ठेवा, कामे वाटून द्या.

हा कीस शब्दापुरता नाही. तुमचा नरकासुर पिसाळला तोही इथेच. स्क्रॅच सेकंदाला साधारण ३० वेळा चित्र बदलते. दर वेळी नवा आकडा काढून डावीकडे की उजवीकडे ठरवले, तर एक पाऊल दुसऱ्याला खोडते. अर्ध्या मिनिटात ९०० पावले टाकूनही स्वारी निघाल्या जागेपासून साधारण ३० पावलांच्या घरातच राहते, कारण अशा चालीत अंतर पावलांच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढते. (इंग्रजीत याला दारुड्याची चाल म्हणतात. गोव्यात राहून त्या उपमेवर अधिक बोलणे बरे नव्हे.) आकडा यादृच्छिक होता, पण चाल स्वैर झालीच नाही, कारण मर्जी असलेला प्राणी निदान दोन सेकंद तरी एका दिशेने जातो. म्हणून दिशा एकदा काढा, किती वेळ जायचे तेही एकदा काढा, आणि ती वेळ संपेपर्यंत नव्या आकड्याला हात लावू नका.

शब्दाच्या बाजूने आणखी एक गंमत. श्वेताश्वतर उपनिषदात जगाचे कारण काय असेल याची यादी करताना 'नियतिर्यदृच्छा', म्हणजे नियती आणि यदृच्छा, हे शब्द शेजारी शेजारी आले आहेत. संगणकात दोघी एकाच घरात नांदतात. फळ्यावर ७ लिहा. पाचाने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या: ६. तेच ६ वर करा: १. मग ८, ११, १०, ५, १२... मुलांना हे आकडे कसेही पडल्यासारखे वाटतील. पण ७ पासून निघालात की दर वेळी हीच रांग, आणि सोळा आकडे झाले की पुन्हा ७. संगणकातले सूत्र मोठे असते, तऱ्हा बरीचशी हीच. त्या पहिल्या आकड्याला 'बीज' म्हणतात आणि अशा आकड्यांना 'छद्म-यादृच्छिक'. १९८० च्या पॅक-मॅन या व्हिडिओ गेममध्ये एरवी पाठलाग करणारी भुते खेळाडूला घाबरून पळतात तेव्हा असल्याच आकड्यांवर वळतात, पण नव्या फेरीला बीज पुन्हा तेच. म्हणून मुरलेले खेळाडू त्यांच्या वाटा पाठ करून बसत. एरवी, पाठलाग करताना, त्या भुतांत यदृच्छेचा लवलेश नाही. प्रत्येकाचा नियम वेगळा आहे, एवढ्यावर ती मनस्वी वाटतात.

राहिली मुलांची जीभ. बोलताना 'रँडम' खुशाल म्हणू द्या, त्याने मराठी बुडत नाही. समजावताना "एक ते दहातला कुठलाही आकडा" म्हणालात तर मूल आपल्या आवडीचा सांगेल. "दहा चिठ्ठ्यांतली एक डोळे मिटून काढ" म्हणा, म्हणजे प्रत्येक आकड्याला सारखी संधी हेही आत आले. चिठ्ठी चालेल; 'कौल' हा शब्द कुणी सुचवला तर तेवढा टाळा. देवळात कौल लावताना मूर्तीला चिकटवलेल्या फुलपाकळ्यांतली उजवी पडली तर ती देवाने पाडली असे आपल्याकडे धरतात. तिथे यदृच्छा म्हटलेले गुरवाला खपणार नाही.