नैरोबी भारतीयांनी उभे केले हे खरे आहे का, आणि आज तिथे धंदा थाटावा का?

अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याविषयीच मला बोलायचे आहे. मोंबासाहून निघालेली युगांडा रेल्वे १८९९ मध्ये मसाई लोकांच्या चराऊ, दलदलीच्या माळावर पोहोचली आणि पुढच्या अवघड चढापूर्वी तिने तिथे तळ टाकला. त्या तळाभोवती वाढलेल्या वस्तीत, म्हणजेच नैरोबीत, १९०५ मध्ये आजच्या केनियाची राजधानी आली. रेल्वेसाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते. त्यांपैकी सुमारे २,५०० मरण पावले, बहुतेक मायदेशी परतले आणि काही हजार मागे राहिले. आज “आमच्या पूर्वजांनी हे शहर घाम गाळून बांधले” असे सांगणारे बहुसंख्य लोक मात्र स्वखर्चाने आलेल्या व्यापाऱ्यांचे वंशज आहेत. व्यापारात कमीपणा मुळीच नाही, पण दुसऱ्याचा घाम आपल्या खात्यावर जमा करू नये.

हे मी चिडून लिहितो आहे, कारण नैरोबीच्या औद्योगिक भागात पत्र्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे मी हिशेब लिहीत असे आणि हे वाक्य मला चहाबरोबर रोज ऐकावे लागे. आमचा बराचसा पातळ पत्रा कामुकुंजीला जाई. तिथे नदीलगतच्या छपरांखाली शेकडो कारागीर तो हाताने कापून त्याच्या शेगड्या, घमेली आणि निवासी शाळांत जाणाऱ्या मुलांच्या ट्रंका घडवतात. रुळाचा तुकडा ऐरण म्हणून जमिनीत रोवलेला असतो आणि त्यावर पत्र्याची कड दुमडताना कारागीर मोजपट्टीला हातही लावत नाही. जानेवारीत शाळा उघडतात, त्यामुळे डिसेंबरमध्ये या लोकांना पत्रा कितीही दिला तरी कमीच पडे. तरीही शेठजींचा नियम असा होता की कामुकुंजीला माल रोखीने आणि आपल्या दुकानदारांना उधारीवर. कारागिरांना निदान आठवड्याची उधारी द्यावी असे मी सुचवले, तेव्हा “ते लोक बुडवतात” असे उत्तर मिळाले. मी खातेवही उघडून दाखवली: थकलेली प्रत्येक मोठी रक्कम आपल्याच मंडळींच्या नावावर होती, आणि लग्नकार्यात गाठ पडते म्हणून तिचा तगादाही लावता येत नव्हता. त्यावर शेठजी म्हणाले, “तुम्ही हिशेब लिहा, धंदा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करतो आहोत.”

हा अविश्वास आकाशातून पडलेला नाही. वसाहतीच्या काळात गोऱ्यांना पश्चिमेकडील टेकड्या, आशियाईंना, म्हणजे मुख्यतः भारतीय वंशाच्या लोकांना, पार्कलँड्ससारखे भाग आणि आफ्रिकनांना पूर्वेकडील दाटीच्या चाळी अशी शहराची वाटणी झाली होती, आणि आफ्रिकन पुरुषांना ओळखपत्र धातूच्या डबीत घालून गळ्यात वागवावे लागे. स्वातंत्र्यानंतर १९६७ च्या परवाना कायद्याने बिगर-नागरिक व्यापाऱ्यांवर बंधने आली आणि हजारो आशियाई कुटुंबे ब्रिटनकडे निघाली. १९८२ च्या फसलेल्या लष्करी उठावात आशियाईंची दुकाने लुटली गेली. ही भीती मला समजते. मात्र नैरोबीतच जन्मलेला गोवेकर पिओ गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यासाठी वर्षानुवर्षे स्थानबद्धतेत राहिला आणि १९६५ मध्ये याच शहरात गोळ्या घालून मारला गेला. त्याचे नाव आमच्या चहाच्या टेबलावर कधी निघाले नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. धंदा जरूर थाटावा, कारण मोंबासा बंदरात उतरलेला माल नैरोबीमार्गे युगांडा-रवांडापर्यंत जातो आणि २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा आल्यापासून लहान गिऱ्हाईकही तत्काळ पैसे देऊ शकते. माझा अनुभव एकाच मालाचा आहे, भाडे व परवान्यांचे आजचे दर तिथे जाऊनच विचारा, आणि उधारी कामुकुंजीतही कधीमधी बुडते. पण पार्कलँड्समधल्या ओळखीच्या घरी सल्ला मागण्याआधी डिसेंबरमध्ये कामुकुंजीत जाऊन कोणत्या जाडीचा पत्रा मिळत नाही एवढे विचारा, आणि आठवड्याच्या उधारीने सुरुवात करा. शेठजींनी ती अखेरपर्यंत दिली नाही. त्यांचे ते गिऱ्हाईक पलीकडच्या गोदामवाल्याने नेले.