आमदाराची कारकीर्द यशस्वी झाली, हे कशावरून ठरवावे?

‘अनेकदा निवडून येऊनही मोठे मंत्रिपद न मिळालेल्या आमदाराची कारकीर्द यशस्वी म्हणता येईल का?’ असे आपण विचारले आहे. नि:शंकपणे म्हणता येईल. मंत्रालयातील एका कक्षात विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरे तयार करण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे आमदाराची पारख मी त्याच्या तारांकित, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागणाऱ्या, प्रश्नांवरून करतो.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ साली प्रथम निवडून आले आणि १९७२ व १९९५ चे पराभव पचवून, शेतकरी कामगार पक्ष न सोडता, अकरा वेळा विधानसभेत पोहोचले. १९७८ आणि १९९९ मध्ये ते मंत्रीही झाले. पण दुष्काळी तालुक्यांचे पाणी आणि रोजगार हमी यांसाठी विरोधी बाकावरून केलेली झुंज हीच त्यांची खरी ओळख आहे.

एका अधिवेशनात विरोधी पक्षाच्या एका आमदारांचा प्रश्न आमच्याकडे आला. पाझर तलावात जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांना मोबदला मिळालेला नाही, हे खरे आहे काय, असल्यास विलंबाची कारणे काय आहेत, असा तो नेहमीच्या साच्यातला प्रश्न होता. जिल्ह्याकडून ‘हे खरे नाही’ असा मसुदा आला. नस्ती (फाइल) चाळल्यावर दिसले की निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, झाला होता, पण पैसे वाटलेच गेले नव्हते. मग वरिष्ठांनी ‘हे अंशत: खरे आहे’ असे उत्तर मान्य केले. बहुतेक प्रश्न याच ‘अंशत:’पाशी संपतात. हे आमदार मात्र उपप्रश्नाला, म्हणजे उत्तरावर आणखी प्रश्न विचारायला, उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात निवाड्याची प्रत होती आणि खातेदारांची नावे त्यांनी गट नंबरांसह वाचून दाखवली. अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून मंत्र्यांकडे चिठ्ठ्या गेल्या, पण आकडे खोडून काढण्यासारखे आमच्यापाशी काहीच नव्हते. मंत्र्यांना सभागृहात आश्वासन द्यावे लागले, दिलेली आश्वासने पाळली जातात का हे पाहणाऱ्या विधिमंडळाच्या समितीच्या यादीत ते चढले आणि समितीची पत्रे येत राहिल्याने विभागाला निधी द्यावाच लागला. ते आमदार कधीही मंत्री झाले नाहीत.

आमचे मेहुणे आजही म्हणतात की आमदाराने सभामंडप द्यावेत, रस्ते करावेत आणि लग्नाकार्याला यावे. मला हे मुळीच मान्य नाही. आमदार निधी प्रत्येकालाच मिळतो; त्यातून सभामंडप उभारण्यात कर्तृत्व ते कोणते? आपल्याला कोणाची कारकीर्द तोलायची असेल, तर विधानसभेची छापील कार्यवाही काढून त्यांचे उपप्रश्न, लक्षवेधी सूचना आणि अर्थसंकल्पावरील भाषणे वाचावीत.

अर्थात, प्रश्नांची नुसती संख्या मोजू नये, कारण अधिकाऱ्यांवर दबाव आणण्यासाठीही काही प्रश्न टाकले जातात. सत्ताधारी आमदारांना आपल्याच सरकारला कोंडीत पकडणे अवघड जाते, हेही ध्यानात घ्यावे. मंत्री झालेला सदस्य तर प्रश्न विचारतच नाही. पण म्हणून त्याने आपला तालुका वाऱ्यावर सोडावा, असा अर्थ होत नाही. मेहुण्यांच्या तालुक्यातही पाझर तलावांचा मोबदला थकला होता, तेथील आमदार तेव्हा मंत्रिमंडळात होते, आणि त्या खातेदारांसाठी एका ओळीचे पत्रही आमच्या कक्षात कधी आले नाही.