श्रेयांक की पत?

एका वाचकाचा प्रश्न आला आहे. त्यांची भाची इंजिनिअरिंगला आहे. तिने एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा एक कोर्स घरी बसून केला. कॉलेजच्या सूचनेत 'मुक्त शैक्षणिक संसाधनांतून मिळवलेले श्रेयांक' असे शब्द होते. ते विचारतात, हा 'मुक्त' म्हणजे मुक्त विद्यापीठातलाच का? आणि आपल्याकडे 'पत' असताना क्रेडिटला 'श्रेयांक' कशाला?

दुसऱ्या प्रश्नात गंमत जास्त आहे, म्हणून तो आधी घेतो.

'क्रेडिट'च्या मुळाशी विश्वास ठेवणे या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. त्याला मराठीत 'पत' चपखल बसतो. माणसाची बाजारात पत असते, ती जाते, सांभाळावी लागते. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण असतं, कंपन्यांचं पतमानांकन होतं. 'श्रेय'चं घराणं वेगळं. संस्कृतात श्रेयस् म्हणजे अधिक चांगलं, हिताचं; कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय समोरासमोर येतात ते याच अर्थाने. मराठीत आज श्रेय दिलं जातं, घेतलं जातं आणि मुख्यतः लाटलं जातं. उड्डाणपुलाच्या उद्घाटनाला दोन पक्षांत जुंपते तो श्रेयवाद. 'श्रेयांक' घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे क्रेडिटचा हाच अर्थ असावा, असा माझा अंदाज आहे.

शब्द रुळला आणि ते एका परीने बरंच झालं. 2021 साली विद्यार्थ्यांचे श्रेयांक जमा ठेवणारी ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, तिचं भाषांतर 'शैक्षणिक पतपेढी' असं केलं असतं तर लोक दोन जामीनदार घेऊन दारात उभे राहिले असते.

पण भाचीच्या कोर्सकडे नीट बघा, म्हणजे 'पत' किती खरा शब्द आहे ते कळेल. एनपीटेल 2003 मध्ये आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून सुरू केलं. व्याख्यानं सगळ्यांना फुकट, यूट्यूबवरसुद्धा. दर आठवड्याच्या असाइनमेंटही फुकट. पैसे मोजायचे ते परीक्षेचे, साधारण हजार रुपये, आणि ती द्यायला केंद्रावर जायचं, ओळखपत्र दाखवायचं. असाइनमेंटचे 25 आणि परीक्षेचे 75 असे गुण धरून प्रमाणपत्र निघतं, त्यावर उमेदवाराचा फोटो असतो. म्हणजे शिकणं फुकट. हजार रुपये जातात ते 'ही मुलगी खरंच शिकली' अशी कोणीतरी ग्वाही द्यावी म्हणून. ती ग्वाही म्हणजेच पत. मग कॉलेजने ती मानायची. स्वयम् या सरकारी मंचावरच्या अशा कोर्सना एका सत्रातल्या विषयांपैकी किती वाटा द्यायचा, याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये 20 टक्के ठेवली होती, 2021 मध्ये ती 40 टक्के केली.

आता 'मुक्त'. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 सालचं. तिथे मोकळा केला तो दरवाजा. बारावी न झालेली गृहिणी पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला बसू शकायची. विद्यापीठ मात्र रीतसर कायद्याने स्थापन झालेलं आणि पदवी इतर कुठल्याही पदवीसारखीच. संसाधनांमधला 'मुक्त' हा विकिपीडियाच्या 'मुक्त ज्ञानकोश'मधला किंवा 'मुक्तस्रोत' म्हणजे ओपन सोर्समधला. तो परवान्याचा आहे: साहित्य घ्या, बदला, पुढे वाटा. अमेरिकेतल्या एमआयटीने 2001 मध्ये आपले अभ्यासक्रम असे खुले करायचं जाहीर केलं तेव्हाच स्पष्ट केलं होतं की यातून पदवी किंवा प्रमाणपत्र मिळणार नाही. युनेस्कोच्या बैठकीत 'ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस' हे नाव पडलं ते पुढल्या वर्षी, 2002 मध्ये. थोडक्यात, नाशिकने पदवीचा रस्ता मोकळा केला, तर एमआयटीने पाठ मोकळे केले आणि पदवी कुलपातच ठेवली. शब्द एक, कामं जवळजवळ उलटी. म्हणून संसाधनांना मी 'खुली' म्हणेन. शिवाय मराठीत 'मुक्त' शेवटी लागला की अर्थ फिरतो. तंटामुक्त गावात तंटे नसतात, मग 'पदवीमुक्त शिक्षणा'त काय नसेल ते सांगायला नको.

जाता जाता 'मान्यता'. या एका शब्दावर आपण फार ओझं टाकलंय. आयोगाची मान्यता, तंत्रशिक्षणाच्या एआयसीटीईची मान्यता, विद्यापीठाशी संलग्नतेलाही बोलताना मान्यताच. टायपिंगच्या क्लासवर 'शासनमान्य' आणि देशी दारूच्या दुकानावर 'सरकारमान्य'. उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचं काम वेगळं आहे. 1994 साली स्थापन झालेली ही परिषद संस्थेची पाहणी करून श्रेणी देत आली आहे. त्याला 'अधिस्वीकृती' म्हटलेलं बरं. पत्रकारांमुळे हा शब्द ओळखीचा आहेच. यात अडचण अशी की अधिस्वीकृती मिळते संस्थेला, तिची इमारत, ग्रंथालय, शिक्षकसंख्या बघून. यूट्यूबवरच्या चाळीस व्याख्यानांना ना इमारत ना ग्रंथालय. त्यांची पाहणी करायला समितीने जायचं कुठे? जुन्या व्यवस्थेचा खरा पेच इथे आहे, आणि तो भाषेतही दिसतो: संस्थेवरच्या विश्वासाला आपल्याकडे शब्द ढीगभर, पण एकट्याने शिकलेल्या माणसावरच्या विश्वासाला धड एकही नाही.

जुने शब्द चाळून बघितले. 'सनद' वकिलांची, तिला अधिकाराचा वास आहे. 'दाखला' मला आवडतो. हिंदीत दाखिला म्हणजे प्रवेश, आणि आपल्याकडे दाखला मिळतो तो शाळा सोडल्याचा! पण तोही द्यायला कोणीतरी साहेब लागतोच. राहिला 'बिल्ला'. ऑनलाइन कोर्सनंतर जो डिजिटल बॅज देतात त्याला 'अंकीय पदक' असं म्हटलेलं कुठेतरी वाचलं. कृपा करून तसं करू नका. स्टेशनावरच्या हमालाच्या दंडावर असतो तो बिल्ला. या माणसाला हे काम करता येतं, एवढंच तो सांगतो. भाचीला तोच शब्द सुचवा. कॉलेजच्या कागदावर 'श्रेयांक'च लिहू द्या, तिथे वाद घालून पदरात काही पडायचं नाही.