विभक्त, पण कोणापासून?

लातूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीनं विचारलंय : "नोट्समध्ये 'विभक्त कुटुंब जगात सर्वत्र आढळते' असं आहे. आमच्या गल्लीत तर अजून चार घरं एकत्र आहेत. मग चूक कोणाची, वाक्याची की शब्दाची?"

आधी शब्दाची. वाक्याकडं नंतर येऊ.

'विभक्त' हा मुळात वाटणीचा शब्द. विज्ञानेश्वरानं 'मिताक्षरा' ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका लिहिली ती कल्याणीला, म्हणजे आपल्या उमरग्यापलीकडच्या बसवकल्याणला. तिच्यातल्या दायविभागात, म्हणजे वारशाच्या वाटणीच्या भागात, वाटणी झालेले ते विभक्त, न झालेले ते अविभक्त. 'अविभक्त हिंदू कुटुंब' आणि तहसीलातली 'विभक्त शिधापत्रिका' हे त्याचेच वारस. म्हणजे विभक्त व्हायला आधी एकत्र असावं लागतं. आपल्या 'वायलं निघणं' याचंही तेच. आमचे काका वायले निघाले तेव्हा भिंत वगैरे काही घातली नाही, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला काकूनं तीन दगड मांडले आणि आजी म्हणाली, "झाली दोन घरं." इरावती कर्व्यांच्या एकत्र कुटुंबाच्या व्याख्येतही एका चुलीवरचं अन्न आहेच, आणि जनगणनावालेसुद्धा सामाईक स्वयंपाकघरावरूनच कुटुंब मोजतात.

नोट्समधलं 'विभक्त कुटुंब' हे इंग्रजी 'न्यूक्लिअर फॅमिली'साठी वापरलेलं. त्या 'न्यूक्लिअर'मध्ये मात्र फूट नाही, गाभा आहे : नवरा, बायको, लेकरं. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉकनं १९४९ साली २५० समाजांची माहिती तपासून म्हटलं, की हा गाभा सगळीकडं सापडतो. कुठं सुटा, कुठं मोठ्या खटल्याच्या, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या, पोटात. तुझ्या गल्लीतली चार घरंही त्यानं यातच धरली असती. म्हणून इथं 'केंद्र कुटुंब' हा शब्द बरा.

पण तोही दावा पुरता टिकला नाही. इंग्रजी अंमलाआधी मध्य केरळातल्या नायरांत नवरा रात्री यायचा आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परतायचा. लेकरं आईच्या तरवाडाची, म्हणजे आईकडच्या एकत्र घराण्याची, कारभार मामाचा. मानववंशशास्त्रज्ञ कॅथलीन गॉफनं हे दाखवल्यावर 'सर्वत्र'ला तडा गेला. चीनमधल्या मोसुओ समाजाचंही साधारण असंच.

लांब कशाला, बीडकडं या. ऊसतोडीचा मुकादम नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतो, उचलही त्या जोडीवर ठरते. मर्डॉक खूश झाला असता. पण शाळेतली लेकरं बऱ्याचदा गावी आजीपाशी राहतात, म्हणजे हंगामभर जोडपं फडात आणि लेकरांची चूल गावात. याला केंद्र कुटुंब म्हणायचं की विभक्त? मला तर इथं 'विभक्त'च जास्त खरं वाटतं, कायद्यातल्या अर्थानं नसलं तरी.

तू वर्णनात्मक उत्तरात 'केंद्र कुटुंब' लिही आणि नायरांचा दाखला दे. पर्यायांत 'विभक्त'च छापलेलं असेल तर गोल काळा करून पुढं जा, मार्क सोडू नको.